डीएसएचा राउंड सोलापूरच्या पोरांच्या फायद्याचा की तोट्याचा?

मागवाल्याचा_पोरगा
मी सोलापुरातूनच इंजिनिअर झालो. चार वर्षं सर्व्हिस कंपनीत काढली, आता हैदराबादला मोठ्या प्रॉडक्ट कंपनीत आहे आणि मुलाखतीही घेतो. डीएसएच्या (डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम्स) कोडिंग राउंडला सगळे शिव्या घालतात. माझं मत उलटं आहे. पंचेचाळीस मिनिटं, एक प्रश्न, समोर कोरा एडिटर. एलआरयू कॅश (जागा भरली की सगळ्यात जास्त वेळ न वापरलेली नोंद काढून टाकणारा साठा) लिहायला सांगितली तर हॅशमॅप आणि दुहेरी लिंक्ड लिस्ट ही डेटा ठेवायच्या रचनांची जोडी सुचली पाहिजे, बस्स. ती सोलापूरच्या अशोक चौकात सुचो नाहीतर पवईच्या आयआयटीत. वडील काय करतात, हे त्यात कुणी विचारत नाही.

नव्वद_दिवस_नोटीस
तिथपर्यंत पोचायचं कसं ते सांगा की ओ! रेफरल, म्हणजे कंपनीतल्याच कुणाची शिफारस, नसेल तर रेझ्युमे उघडतसुद्धा नाहीत. मी पन्नासेक ठिकाणी अर्ज टाकले, फोन आले दोन. आणि आत गेल्यावर लिंक्ड लिस्ट हाताने किती वेळा लिहिली? होमब्रू (मॅकवर सॉफ्टवेअर बसवायचं साधन) लिहिणारा मॅक्स हॉवेल 2015 साली जाहीर बोलला होता: गूगलचे बहुतेक इंजिनिअर त्याचं सॉफ्टवेअर वापरतात, पण बायनरी ट्री (डेटाची झाडासारखी रचना) उलटा करता आला नाही म्हणून गूगलने त्यालाच नाकारलं.

मागवाल्याचा_पोरगा
एकदाही नाही लिहिली, कबूल. पण लूपमध्ये लूप घालून दहा लाख नोंदी फिरवणारा कोड रिव्ह्यूला आला की डोळ्यात खुपतो, ते त्या सरावामुळेच. आणि रेफरल मलाही नव्हता बे. तिसऱ्या वर्षी मिळाला.

दुपारी_स्टँडअप
तिसऱ्या वर्षी मिळाला, कारण तीन वर्षं सराव करायला वेळ होता. मी सोलापुरातून घरूनच काम करते. मूल अडीच वर्षांचं, सासऱ्यांचं डायलिसिस, त्यात चार-पाच दिवसांनी येणारं पाणी. ते आलं की मीटिंग म्यूट करून मोटर लावायला पळायचं. लीटकोडला (कोडिंगच्या सरावाची साइट) रात्री अकरानंतरचा तास उरतो, त्यातही डोळे मिटतात. माझं रोजचं काम विचाराल तर सात वर्षं जुना, लिहिणारा सोडून गेलेला कोड वाचणं आणि ऑन-कॉलला (बिघाड सांभाळायच्या पाळीला) पहाटे तीनला पेजर वाजला की लॉगमधून कारण शोधणं. हे मला चांगलं येतं. पण ते विचारतो कोण? एखादी बिघडलेली सर्व्हिस समोर ठेवा, म्हणा दुरुस्त कर.

निवृत्त_जॉबर
पोरांनो, मी गिरणीत होतो, कॉम्प्युटर कळत नाही. पण नवा माणूस आला की आम्ही त्याला मागावर उभा करायचो. धागा तुटला की माग थांबवून जोडतो कसा, ते बघायचं. बाईंचं बरोबर आहे.

मागवाल्याचा_पोरगा
काका, पण मागापर्यंत त्याला कुणाचा तरी मेव्हणाच घेऊन यायचा ना?

निवृत्त_जॉबर
हो. मलाही मेव्हण्यानेच नेलं होतं.

नव्वद_दिवस_नोटीस
म्हणजे रेफरल तेव्हाही होताच 😄

मागवाल्याचा_पोरगा
ताई, बिघडलेल्या सर्व्हिसचा राउंड काही कंपन्या घेतात, आमच्याकडे नाही. माझ्या एकट्याच्या हातात ते नाही. पण रेझ्युमे पाठवा, रेफरल मी टाकतो. नोटीसवाले, तुम्हीही. शनिवारी रात्री साडेनऊला सरावाची मुलाखत घेऊ, कॅमेरा बंद चालेल.

दुपारी_स्टँडअप
रेझ्युमे पाठवते. मत बदललेलं नाही हं. आणि शनिवारी पाणी आहे, रविवार ठेवा.