उद्घाटन सोहळा मैदानात की नदीवर? लंडन, बीजिंग, पॅरिस आणि आपला गोंधळ

रंगकर्मी, संभाजीनगर (धागाकर्ता)

ऑलिंपिकचं उद्घाटन मी नाटक म्हणून बघतो. आणि नाटक म्हणून २६ जुलै २०२४ चा पॅरिसचा सोहळा मला फसलेला वाटतो. थॉमस जोली मूळचा रंगभूमीचाच दिग्दर्शक, तरी नट आणि प्रेक्षक एका जागी असावेत ही पहिली अटच त्यानं सोडली. सेन नदीवर सुमारे सहा किलोमीटर सगळं पसरवलं. काठावरच्या माणसाला समोरून गेलेल्या बोटी दिसल्या, बाकीचं पडद्यावर. अख्खा प्रयोग बघितला तो फक्त कॅमेऱ्यानं.

आता लंडन २०१२ आठवा. डॅनी बॉइलनं मैदानात खरी हिरवळ अंथरली होती. तिच्यावर खेडं, टेकडी, टेकडीवर झाड. मग ते झाड उचललं जातं, खालून कामगारांचे लोंढे बाहेर पडतात, माणसं हातांनी हिरवळ गुंडाळून नेतात आणि जमिनीतून कारखान्यांची धुराडी वर येतात. शेती गेली, गिरण्या आल्या, हे भरलेल्या स्टेडियमनं डोळ्यांदेखत घडताना पाहिलं. आणि हे करणारे हजारो जण हौशी स्वयंसेवक होते!

ज्योतीचं तर बघा. प्रत्येक संघाबरोबर एक मूल तांब्याची पाकळी घेऊन आलं. अशा २०४ पाकळ्या लांब दांड्यांना बसवल्या, पेटवल्या, आणि दांडे वर उचलले जाऊन सगळ्यांची मिळून एकच ज्योत झाली. संचलन आणि ज्योत हे दोन वेगळे कार्यक्रम राहिलेच नाहीत. आपल्या गोंधळाची बांधणी अशीच आहे. चौक भरला, दिवटी पेटली, संबळ वाजू लागला की तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडोबा असं एकेकाला गावानिशी नाव घेऊन बोलावतात. सगळ्यांना आवतण गेल्याशिवाय आख्यान सुरू होत नाही. पॅरिसमध्ये बोटी आल्या आणि गेल्या, जमल्या कुठंच नाहीत.

लातूरकर

दादा, हे पटलं नाही. बंदिस्त जागा मिळाली की नाटक खरं होतं, असं तुम्ही धरून चाललात. बीजिंगचं स्टेडियम बंदिस्तच होतं ना? ८ ऑगस्ट २००८ ला मंचावर गाणं म्हणायला नऊ वर्षांची मुलगी उभी होती आणि आवाज होता सात वर्षांच्या दुसऱ्याच मुलीचा. आकाशातली आतषबाजीची पावलंसुद्धा प्रक्षेपणासाठी काही प्रमाणात संगणकावर तयार केलेली होती. कॅमेऱ्यासाठी नाटक करायला पॅरिसनं सुरुवात केलेली नाही.

उलट पॅरिसनं खोटं नेपथ्य टाळलं. जुने पूल, वाडे, नदी, सगळं खरं, आणि वरच्या काठावर लाखो लोक फुकट तिकिटांवर. पाऊसही खरा. अलेक्झांडर कांतोरोव भर पावसात पियानो वाजवत होता, वाजवत होता ती रावेलची पाण्यावरचीच रचना, आणि पियानोच्या काळ्या लाकडावर थेंब साचलेले दिसत होते. हा क्षण कुणी बसवू शकत नाही. अंधारात नदीच्या पाण्यावरून धातूचा घोडा दौडत आला, त्यावर रुपेरी चिलखतातली स्वार. तो घोडा मैदानात आणला असता तर चित्ररथ झाला असता.

क्रीडाशिक्षक, धाराशिव

तुमचं दोघांचं ऐकायलो, पण यात खेळाडू कुठाय? दुसऱ्या दिवशी ज्यांची स्पर्धा असते त्यातले कितीतरी जण उद्घाटनाला जातच नाहीत, पायात गोळे येतील म्हणून. २०१० ला दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत हेलियमचा भलामोठा फुगा उडवला, त्याच्या खर्चावर केवढा गदारोळ झाला. बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे पॅरिसला ३००० मीटर स्टीपलचेसच्या फायनलला पोचला. तिथवर जाणारा पहिला भारतीय पुरुष! आमच्या सारिका काळेला खो-खोसाठी २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. ही माणसं दिव्यांच्या झगमगाटातून तयार झाली नाहीत. आमच्याकडं पाहुणे येईपर्यंत पोरं उन्हात दोन-दोन तास उभी असतात आणि मग भाषणं. मला उद्घाटन या प्रकाराचाच राग आहे.

नांदेडची प्रेक्षक

सर, राग समजतो, पण तो भाषणांवर काढा. चांगल्या सोहळ्यात खेळाडूच नायक असतो. बार्सिलोना, १९९२: पोलिओ झालेला पॅरालिंपिक तिरंदाज अँटोनियो रेबोलो यानं जळता बाण सोडला आणि ज्योत पेटली. लंडनला सात तरुण खेळाडूंनी ती पेटवली, आणि त्यातलं कुणीच जगाला ठाऊक नव्हतं.

आणि लातूरकर, बीजिंगचं गाणं खोटं होतं, मान्य. आवाज नाकारलेल्या त्या लहान मुलीवर अन्यायच झाला. पण त्याच रात्री झांग यिमोनं छपाईच्या खिळ्यांचा प्रसंग केला होता. ८९७ ठोकळे लाटेसारखे वर-खाली होत होते, अक्षर उमटत होतं. बघणाऱ्याला वाटावं यंत्र आहे. शेवटी झाकणं उघडली आणि प्रत्येक ठोकळ्यातून एक माणूस हात हलवत वर आला. एकाच दिग्दर्शकानं एका प्रसंगात माणूस लपवला आणि दुसऱ्यात तो दाखवला. मला नदी की मैदान यापेक्षा हा फरक मोठा वाटतो.

रंगकर्मी, संभाजीनगर

ठोकळ्यांचं शंभर टक्के मान्य. पॅरिसचं अजूनही नाही. पियानोवरचे थेंब लातूरकरांना दिसले ते कॅमेरा जवळ गेला म्हणून, काठावर भिजत उभ्या असलेल्या माणसाला ते दिसले नसणार.

सर, तुमच्याकडं जे होतं ते वाईट बसवलेलं नाटक आहे. नायक उन्हात ताटकळतो आणि रंगमंच पाहुण्यांच्या ताब्यात. क्रम उलटा करा. हलगी वाजली की आधी पोरं आत यावीत, प्रत्येक शाळेचं नाव पुकारलं जावं, प्रत्येक शाळेनं एकेक दिवटी आणावी आणि सगळ्यांनी मिळून मोठी मशाल पेटवावी. पाहुणे तोवर खाली बसून बघतील. खर्च तेलाचा आणि हलगीवाल्यांच्या बिदागीचा. मी बसवून द्यायला तयार आहे.

क्रीडाशिक्षक, धाराशिव

या मग. पण सकाळी नऊला १०० मीटरच्या हीट्स लागतात, आणि धावायच्या आधी पोरांना अर्धा तास वॉर्मअप लागतो. म्हणजे साडेआठला मैदान मोकळं पाहिजे. आणि दिवट्यांचं तेल ट्रॅकवर सांडता कामा नये.

लातूरकर

मैदानातच का? सगळ्या शाळांची पोरं गावातून दिवट्या घेऊन येऊ द्या की, लोक दारात उभं राहून बघतील.

रंगकर्मी, संभाजीनगर

आली तरी पेटवायची मैदानातच, सगळ्यांसमोर. त्यावर माघार नाही.