रात्री लाईट लावले की ट्रकचा पिकअप जातो, डायनामोमुळे होतं का असं?

लांबचा_पल्ला
नमस्कार मंडळी. चोवीस व्होल्टची कॉमन रेल (इंजेक्टर करंटवर चालणारी) डिझेल गाडी आहे, दहा-बारा दिवस एकच त्रास चाललाय. दिवसा मस्त ओढते, पण अंधार पडला, हेडलाईट, वायपर, ब्लोअर सगळं चालू झालं की तासा-दोन तासात पिकअप मरतो. चढावर लोड असताना पेडल पूर्ण दाबलं तरी इंजिन वर चढत नाही, चेक लाईट लागते, मागोमाग एबीएसचा (ब्रेकच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेचा) दिवा. डिझेल फिल्टर बदलले, टाकी धुतली, एअर फिल्टर नवाच आहे, आता इंजेक्टर काढायला सांगतायत. एक जण म्हणाला डायनामो बघ, पण बॅटरीचा लाल दिवा कधीच लागत नाही, नुसती चावी फिरवली तरी लागत नाही, म्हणजे चार्जिंग ठीकच असणार ना? हां, सकाळी सेल्फ जरा जड फिरतो, पण बॅटऱ्या जुन्या झाल्यात म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

जुनं_स्टिअरिंग
भाऊ, डिझेल इंजिनला करंट लागतो कुठे? आमच्या पंपवाल्या गाडीचा डायनामो बसला होता, दिवसाउजेडी तशीच चालवत आणली, पिकअपला काडीचा फरक नाही. तरी बघायचंच असेल तर इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढ, इंजिन बंद नाही पडलं तर डायनामो चांगला.

वायरिंगवाला
काका, तुमच्या गाडीचं बरोबर आहे, पण दादा तुम्ही वायर अजिबात काढू नका, हात जोडून सांगतो! चालू इंजिनला बॅटरी काढली की डायनामोचं व्होल्टेज एका झटक्यात कितीतरी वर उडतं, त्यात डायोड (डायनामोतले, करंट एकाच दिशेने सोडणारे भाग) जातात, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) पण जाऊ शकतो. जुन्या पंपाला डिझेल फेकायला करंट लागत नाही, फार तर बंद करायच्या सोलेनॉइडला लागतो. कॉमन रेलमध्ये इंजेक्टर उघडतो करंटवर, रेलचं प्रेशर सांभाळणारा व्हॉल्व्ह करंटवर, सेन्सर करंटवर. व्होल्टेज पडायला लागलं की ईसीएम काही वेळ सांभाळून घेतो, मग एरर टाकतो आणि पॉवर कमी करतो, आणि ड्रायव्हरला वाटतं डिझेल कमी येतंय. एबीएसचा दिवा सोबतच लागतो म्हणताय तिथेच मला शंका आली, फिल्टर चोक झाला तर एबीएसचा काय संबंध?

आता लाल दिव्याचं. ज्या गाडीत दिव्याची वायर थेट डायनामोवर जाते तिथे चावी फिरवल्यावर तो लागलाच पाहिजे आणि इंजिन चालू झालं की विझला पाहिजे. लागतच नसेल तर बल्ब गेला, वायर तुटली, कार्बन (डायनामोतल्या फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) संपले, नाहीतर प्लस बाजूचा डायोड शॉर्ट आहे. डायोड शॉर्ट असला की गाडी उभी असतानाही बॅटरीचा करंट उलटा डायनामोत शिरतो आणि रोटरच्या, म्हणजे त्या फिरत्या भागाच्या, कॉइलमधून रात्रभर वाहत राहतो, सकाळी सेल्फ जड फिरतो तो त्यानेच. उद्या सकाळी चावी न लावता डायनामोवर हात ठेवून बघा, कोमट लागतो का. मागच्या बेरिंगजवळ स्क्रू ड्रायव्हरचं टोक न्या, खेचलं गेलं तर आत करंट चालू आहे. पान्याने नट खोलायला गेलात तर मात्र आधी बॅटरीची मायनस काढा, इंजिन बंद असताना.

मग मल्टिमीटर घ्या. इंजिन बंद, गाडी रात्रभर उभी, बॅटऱ्या भरलेल्या असतील तर साधारण 25.4 दिसेल. इंजिन चालू, 1500 आरपीएम, सगळे लाईट लावून 27.5 ते 28.5 यायला हवं. त्यानंतर मीटर एसी व्होल्टवर (उलटसुलट वाहणाऱ्या करंटच्या मापावर) टाकून बॅटरीवरच बघा, चांगल्या डायनामोला तिथे अगदी थोडं दिसतं, एक व्होल्टच्या वर गेलं तर डायोड प्लेट गेली समजा. हा एसीचा खळखळाट सेन्सरच्या रीडिंगमध्ये पण घुसतो. आणि पट्टा बघायला विसरू नका, काही गाड्यांत पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर असतो, तो घसरला तर इंजिन गरम होऊन वेगळीच कटकट.

लांबचा_पल्ला
दादा, पहाटे साडेपाचला बोनेटखाली हात घातला, सगळं इंजिन बर्फासारखं आणि डायनामो तेवढा कोमट! स्क्रू ड्रायव्हर टप्पकन चिकटला. मीटरवर बंद गाडीला 24.3, चालू करून लाईटसकट 25.6, एसीवर 1.7. खोलून घेतला तर डायोड प्लेटवर एक डायोड शॉर्ट, कार्बन पण नखाएवढे उरलेले. प्लेट, कार्बन, बेरिंग बदलले, आता लाईट-वायपर-ब्लोअर सगळं लावून 28.1. काल रात्री तोच चढ, तोच लोड, गाडी एका दमात वर गेली. इंजेक्टरला हात नाही लावला.

जुनं_स्टिअरिंग
मी वायर काढायचं सांगितलं ते मागे घेतो बाबा, नव्या गाड्यांचं गणित वेगळं आहे.

वायरिंगवाला
मस्त झालं. एकच काम राहिलं, दोन्ही बॅटऱ्या सुट्या करून चार्जरवर पूर्ण भरून घ्या आणि दोघींचं व्होल्टेज वेगवेगळं मोजा. रिकाम्या बॅटऱ्या भरायचं काम नव्या प्लेटवर टाकलंत तर डायनामो तासन्तास फुल लोडवर तापतो, आणि एक बॅटरी कमजोर असेल तर दुसरीला पण घेऊन बुडते.