मदत हवी आहे: सेजमॅथमध्ये घनमुळाचा आलेख डावीकडे उमटतच नाही

लंबवर्तुळ:
नमस्कार मंडळी. मी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते. फलनांचे आलेख वर्गात पडद्यावर दाखवायला यंदा सेजमॅथ हे गणिताचं सॉफ्टवेअर घेतलंय (लिनक्स, जुपिटर नोटबुक). फुकट आहे, शिवाय मुलांना घरी काही इन्स्टॉल न करता ब्राउझरमध्ये सेजमॅथसेल उघडून तीच ओळ चालवता येते. बहुपदी, साइन, कोसाइन सगळं झकास येतं. अडलंय ते घनमुळावर.

ओळ अशी आहे (इथे रोमन चिकटवलं की कंस उडतात, म्हणून कोड देवनागरीतच लिहिते, समजून घ्या):

प्लॉट(एक्स^(१/३), (एक्स, -८, ८))

मूळबिंदूतून जाणारा, दोन्हीकडे पसरलेला वक्र यायला हवा. येतो फक्त उजवा अर्धा. ० च्या डावीकडे सगळं कोरं. वर एक इशाराही येतो की अमुक इतक्या बिंदूंवर फंक्शनची किंमत काढता आली नाही. तो आकडा शंभराच्या आसपास असतो. प्लॉट_पॉइंट्स (किती बिंदूंवर किंमत काढायची तो आकडा) वाढवून १००० केले, तर इशाऱ्यातला आकडा पाचशेच्या घरात गेला, ग्राफ होता तसाच.

कोड्यात टाकणारी गोष्ट म्हणजे -८^(१/३) विचारलं की सेज बिनचूक -२ देतं. नुसत्या मॅक्सिमातही (बीजगणित करणारं वेगळं सॉफ्टवेअर) -२ येतं, आणि सेजच्या पोटात मॅक्सिमा आहे असं वाचलंय. मग घोडं पेंड खातंय कुठे?

तळटीप:
कंस घालून विचारा. (-८)^(१/३) ला काय मिळतं आणि एन((-८)^(१/३)) ला काय मिळतं, दोन्ही इथे टाका. कंसाशिवाय लिहिलं की घातांक आधी सुटतो आणि उणे नंतर लागतं. म्हणजे तुम्ही ८ चं घनमूळ काढून त्यापुढे उणे लावलंत. ऋण संख्येचं घनमूळ सेजला अजून विचारलेलंच नाही.

लंबवर्तुळ:
पहिल्याला २*(-१)^(१/३) आलं, जसंच्या तसं. दुसऱ्याला १.०००००० + १.७३२०५०*आय (पुढचे अंक गाळलेत). हा आय कुठून उपटला?

तळटीप:
आय म्हणजे -१ चं वर्गमूळ. तोच तुमचा डावा अर्धा.

सेजमधला साधा एक्स हा वास्तव चल नसतो, संमिश्र मानलेला असतो, म्हणजे आय असलेल्या संख्याही त्यात चालतात. अशा ठिकाणी एक्स^(१/३) चा अर्थ ठरलेला आहे: एक्सचा लॉगॅरिदम घ्यायचा, त्याला ३ ने भागायचं आणि ई चा तितका घात करायचा. -८ च्या लॉगॅरिदममध्ये ८ चा लॉग असतो आणि जोडीला पाय (π) गुणिले आय. त्याला ३ ने भागलं की कोन उरतो ६० अंशांचा, लांबी २. म्हणून उत्तर १ + √३ आय. याचा घन करून बघा, -८ च येतो. -८ ला संमिश्र घनमुळं तीन आहेत, -२ हे त्यातलं एक. सेज त्यातलं 'मुख्य' मूळ देतं, आणि ऋण संख्येसाठी मुख्य मूळ कधीच वास्तव नसतं.

आता ग्राफ. प्लॉट आधी २०० बिंदू घेतो (न सांगता घेतो तो आकडा), जिथे वक्र जास्त वळतो तिथे आणखी बिंदू टाकतो, प्रत्येक ठिकाणी वास्तव किंमत मागतो. संमिश्र आली की तो बिंदू सोडून देतो आणि शेवटी किती सोडले ते सांगतो. तुमचा पल्ला -८ ते ८, निम्मे बिंदू ऋण, म्हणून शंभर. १००० केल्यावर पाचशे. इशारा अगदी खरं सांगत होता, फक्त कारण सांगत नव्हता.

उपाय:

प्लॉट(रिअल_एनथ_रूट(एक्स, ३), (एक्स, -८, ८))

हे नाव आठवलं नाही तर साइन(एक्स) नव्हे, चिन्ह देणारं एसजीएन वापरा: एसजीएन(एक्स)*अ‍ॅब्स(एक्स)^(१/३). चिन्ह वेगळं काढायचं, मूळ धन संख्येचंच घ्यायचं.

मॅक्सिमाबद्दल: नुसतं मॅक्सिमा सुरुवातीला 'डोमेन' वास्तव धरून चालतं, म्हणून तिथे -२. सेज मात्र आपल्या पोटातलं मॅक्सिमा सुरू करतानाच ते डोमेन कॉम्प्लेक्स करून ठेवतं. आणि ग्राफचा तर मॅक्सिमाशी संबंधच नाही. किमती सेज काढतं, चित्र मॅटप्लॉटलिब (पायथनची आलेख काढणारी लायब्ररी) काढतं.

काळी खिडकी:
एवढी यातायात कशाला? आय नको असेल तर उत्तराचा वास्तव भाग घ्या आणि तो काढा. रिअल_पार्ट आहेच की.

तळटीप:
नको! वर बघा, -८ पाशी वास्तव भाग १ आहे. हवंय -२. डावीकडे वर चढणारा, उजव्याच्या निम्म्या उंचीचा वक्र मिळेल आणि इशाराही येणार नाही. कोरी जागा परवडली, कारण ती निदान ओरडून सांगते. हा ग्राफ गुपचूप चुकीचा असेल आणि वर्गातल्या चाळीस मुलांच्या वहीत उतरेल.

काळी खिडकी:
मान्य. ऑक्टेव्हवाल्यांसाठी (तेही असंच एक फुकट गणिती सॉफ्टवेअर) भर घालतो. तिथेही (-८)^(१/३) ला १.०००० + १.७३२१आय च येतं, आणि तिथे उपाय एनथरूट(-८, ३). शिवाय तिथे एक्स ही बिंदूंची रांग असते, म्हणून घाताच्या आधी टिंब द्यावं लागतं (.^), नाहीतर चौरस मॅट्रिक्स हवी म्हणून ओरडा होतो. ऑक्टेव्हमध्ये नव्याने ग्राफ काढणारे निम्मे लोक त्या टिंबावर अडकतात असा माझा अंदाज.

लंबवर्तुळ:
रिअल_एनथ_रूट चाललं, पूर्ण वक्र आला, मनापासून आभार. पण एक कुरकुर राहतेच. आम्ही मुलांना -८ चं घनमूळ -२ शिकवतो. सेज ते नाकारतंय, असं मुलांना कसं सांगू?

तळटीप:
नाकारत नाहीये. घनमूळ -२ आहेच, म्हणून तर रिअल_एनथ_रूट ते देतं. भानगड '१/३ वा घात' या लिखाणाची आहे. वर्गात एवढं फळ्यावर लिहा: १/३ आणि २/६ एकच. मग (-८) चा १/३ वा घात -२ धरला, तर २/६ वा घात काय? आधी वर्ग ६४, मग ६४ चं सहावं मूळ, म्हणजे २. एकाच संख्येला -२ आणि २. अपूर्णांक घाताचे नियम बिनधास्त वापरायचे तर पाया धन हवा, हे पाठ्यपुस्तकात बारीक अक्षरात असतं आणि परीक्षेला येत नाही म्हणून सगळे सोडून देतात. माझ्या मते उलट हाच तास घ्यायला हवा.

लंबवर्तुळ:
२/६ चं उदाहरण उचलते! आता धाग्यात दुसरी शंका घुसवते, नवा धागा काढत नाही. सातत्याच्या धड्यासाठी तुकड्यांचं फंक्शन हवं होतं: एक्स १ पेक्षा लहान असेल तर एक्स^२, नाहीतर ३ - एक्स. पायथनसारखं डेफ लावून, आत इफ आणि एल्स घालून एफ लिहिलं. एफ(०) ला ०, एफ(२) ला १, दोन्ही बरोबर. मग

प्लॉट(एफ(एक्स), (एक्स, -२, ४))

आणि आली चक्क एक सरळ रेषा. पॅराबोलाचा पत्ता नाही, इशारा नाही.

काळी खिडकी:
हा माझा प्रांत. एफ(एक्स) लिहिलं की प्लॉट सुरू व्हायच्या आधीच पायथन एफ ला हाक मारतो, आणि हातात संख्या नाही तर नुसतं अक्षर एक्स देतो. आत इफ विचारतो: एक्स १ पेक्षा लहान आहे का? अक्षराबद्दल ते सिद्ध करता येत नाही. सिद्ध न झालेल्या गोष्टीला सेज इथे 'फॉल्स' म्हणतं. म्हणून कायम एल्सची बाजू, आणि प्लॉटच्या हाती पडतं फक्त ३ - एक्स. तीच तुमची सरळ रेषा.

कंसातला एक्स काढून टाका, फंक्शनच हवाली करा:

प्लॉट(एफ, (-२, ४), एक्सक्लूड=[१])

आता प्रत्येक बिंदूवर खरी संख्या घेऊन एफ बोलावलं जाईल. एक्सक्लूड नसेल तर १ पाशी खालचं टोक आणि वरचं टोक जोडणारी उभी रेघ येते. सातत्याच्या धड्यात ती रेघ म्हणजे घातच.

तळटीप:
डेफ ऐवजी सेजचं स्वतःचं पीसवाइज बघा:

पीसवाइज([((-२, १), एक्स^२), ([१, ४], ३ - एक्स)])

गोल कंसातला पल्ला उघडा, चौकोनी कंसातला बंद. मुलं वहीत लिहितात तसंच. पोकळ आणि भरीव ठिपके मात्र हातानेच लावावे लागतात: (१, २) वर भरीव, (१, १) वर निळा मोठा ठिपका आणि त्यावर लहान पांढरा. चित्रं अधिक चिन्हाने जोडायची, आणि पांढऱ्याला झेडऑर्डर जास्त द्यायचा, नाहीतर तो निळ्याखाली दबतो.

टॅन शिकवायला घ्याल तेव्हा पाय/२ पाशी उभ्या रेघा येतीलच. तिथे डिटेक्ट_पोल्स=ट्रू द्या, आणि वायमिन, वायमॅक्स -५ ते ५ ठेवा, नाहीतर उभा अक्ष इतका ताणला जातो की बाकीचा वक्र चपटा दिसतो. ट्रू च्या जागी 'शो' लिहिलंत तर अनंतस्पर्शी रेषा तुटक काढून मिळतात.

लंबवर्तुळ:
दोन्ही चाललं. पीसवाइज ठेवतेय, मुलांना वाचता येतं. शेवटचं एक: घन आणि घनमूळ एकाच चित्रात, मध्ये वाय = एक्स, म्हणजे व्यस्त फलन आरशात दिसावं. काढलं, पण आरसा तिरका वाटतो.

काळी खिडकी:
पडद्याच्या चौकटीत बसवायला सेज दोन अक्षांचं माप वेगवेगळं ठेवतं, त्यामुळे ४५ अंशांची रेषा ४५ ची दिसत नाही. अस्पेक्ट_रेशो=१ द्या. घनाचा पल्ला -२ ते २ च ठेवा, घनमुळाचा -८ ते ८, म्हणजे दोन्ही एकाच चौरसात मावतात:

ए = प्लॉट(एक्स^३, (एक्स, -२, २))
बी = प्लॉट(रिअल_एनथ_रूट(एक्स, ३), (एक्स, -८, ८), कलर='रेड')
सी = प्लॉट(एक्स, (एक्स, -८, ८), लाइनस्टाइल='--')
शो(ए + बी + सी, अस्पेक्ट_रेशो=१)

छापून द्यायचं असेल तर शो च्या जागी (ए + बी + सी).सेव्ह वापरा आणि फाईल एसव्हीजी ठेवा. झेरॉक्सवर लाल आणि निळा सारखेच काळे येतात, तेव्हा बी ला थिकनेस=३ देऊन ठेवा.