त्यांना कळत नाही असं समजून बोललेलं: सोलापूरकरांनो, किस्से टाका

सोलापुरात गुपित बोलायचं कुठल्या भाषेत? मराठीत बोललं तर सगळ्यांनाच कळतं. कन्नड निम्म्या गावाला येते. १८७७ साली जुनी मिल निघाली, पुढं हातमाग-यंत्रमाग वाढले आणि तेलंगणातून आलेल्या विणकरांनी पूर्व भाग तेलुगू करून टाकला. दखनी तर रिक्षात बसलं की आपोआप येते. तरी लोक रोज समोरच्याला अडाणी समजून बिनधास्त बोलतात. पुढं काय झालं ते सांगा. शिव्यांचे किस्से नकोत. त्या चारही भाषांत सगळ्यांनाच येतात.

चादरवाला
विजापूरकडचं जोडपं दुकानात आलं. नवरा बायकोला कन्नडमध्ये सांगतोय, निम्म्यानं माग, हा मऊ दिसतोय. वडील काहीच बोलले नाहीत. शांतपणे चादरी घडी घालत कन्नडमध्ये मोजायला लागले, "ओंद, एरड, मूर..." बाई इतकी हसली की भाव न करता दोन टॉवेल जास्तीचे घेऊन गेली. नवरा बाहेर जाऊन उभारला.

साखरपेठ
मी शिक्षिका. घरची भाषा मराठी, पण लहानपण विड्या वळणाऱ्या शेजारणींच्या ओट्यावर गेलं. पानं कापता कापता त्या साऱ्या गल्लीची खबर तेलुगूत काढायच्या. मला कुणी शिकवलं नाही, कानावर पडून आली.
पालकसभेत एक पोरगा आईला तेलुगूत पढवत होता. मॅडम म्हणतील मी बडबड करतो, तू लक्ष देऊ नको, शेजारचा करतो. मी वहीतून मान वर न करता म्हटलं, "अबद्धं चेप्पकु." खोटं बोलू नको. आईनं तिथंच पाठीत एक धपाटा घातला. दुसऱ्या दिवसापासून वर्गात तेलुगू बंद. आता पोरं कन्नडमध्ये कुजबुजतात. मला कन्नड येत नाही, पण मी अधूनमधून मान डोलावते.

सातरस्ता
आमच्या घरात गुपिताची भाषा इंग्रजी. आजीला अक्कलकोटला न्यायचं की नाही यावर आईबाबांचं इंग्रजीत चाललेलं. आजी आतून, "थर्सडेला नको बे, पौर्णिमा हाय, गर्दी आसती."

पुण्यातला सोलापूरकर
उलट अनुभव. पुण्यात कन्नड छान चालते. मेसमध्ये मी आणि रूममेट आमटीवर मनसोक्त बोलायचो. एकदा मी म्हटलं, "उप्प इल्ल." काकूंनी न बोलता मिठाची वाटी आणून ठेवली.
माहेर अक्कलकोट.

चादरवाला
@पुण्यातला, मग उलट कुठं झाला बे?

मंडईगिऱ्हाईक
तुम्ही सगळे भाषा येते हे दाखवून मोकळे होता, त्यात फायदा काय? लक्ष्मी मंडईतली माझी भाजीवाली शेजारणीला कन्नडमध्ये विचारते, मूवत्तला सोडू का? शेजारीण हो म्हणते. मग मी थोडा विचार केल्यासारखं करून मराठीत तीस म्हणतो. "मालक, तुमाला भावातलं बरोबर कळतंय बगा," असं तिनं परवाच कौतुक केलं.

साखरपेठ
जपून. ती हे वाचणार नाही, पण तिचा पोरगा माझ्या वर्गात असायचा.