एकच छायाचित्र दोन फोल्डरांत: हार्ड लिंक की सिम्बॉलिक लिंक?

फोंडेकर
नमस्कार. आमच्या गावच्या जत्रेची, शिगम्याची आणि दसऱ्याची छायाचित्रे मी घरच्या लिनक्स संगणकावर साठवतो. ती वर्षाप्रमाणेही हवीत आणि उत्सवाप्रमाणेही, म्हणून प्रती न काढता 'एलएन' आज्ञेने दुसऱ्या फोल्डरात त्यांच्या हार्ड लिंक केल्या. एका छायाचित्राचे रंग सुधारले तेव्हा बदल दोन्हीकडे दिसला. पुढे दुसऱ्या प्रोग्रॅमने तेच काम केले, तर एकीकडचे बदलले आणि दुसरीकडचे जुनेच राहिले. शिवाय सगळे बाहेरच्या डिस्कवर उतरवल्यावर जागा जवळजवळ दुप्पट लागली. सिम्बॉलिक लिंक बऱ्या का? आणि हार्ड लिंक असली की आपोआप बॅकअप होतो, हे खरे ना?

म्हापसेकर
शेवटचा समज आधी दूर करतो, कारण तोच सर्वांत महागात पडतो. फाइलचे नाव फाइलमध्ये नसते. फाइलची माहिती आणि तिचा मजकूर डिस्कवर कुठे आहे हे सांगणारी नोंद म्हणजे आयनोड. फोल्डर म्हणजे नावे आणि त्यांच्यासमोरचे आयनोड क्रमांक यांची यादी, आणि हार्ड लिंक म्हणजे त्याच आयनोडाला दिलेले आणखी एक नाव. आपल्या राजधानीला पणजी म्हणतात, पणजीम म्हणतात, आणि १८४३ मध्ये तिला 'नोव्हा गोवा' हे अधिकृत नाव मिळाले होते. ते नाव वापरातून गेले, तरी शहर जागच्या जागी आहे. मात्र मांडवीला पूर आला, तर तो तिन्ही नावांच्या शहरात येतो. म्हणून एक नाव चुकून पुसले तर छायाचित्र वाचते, पण मजकूर बिघडला किंवा डिस्कच गेली तर दोन्ही नावे एकदमच निरुपयोगी होतात. याला बॅकअप म्हणता येणार नाही.

आयनोडात नावांची संख्या नोंदलेली असते. प्रत्येक नाव पुसल्यावर ती एकने घटते, आणि ती शून्य झाल्यावर, शिवाय कोणत्याही प्रोग्रॅमने फाइल उघडी ठेवलेली नसल्यावरच, जागा मोकळी होते. त्यामुळे पहिले नाव 'मूळ' आणि दुसरे 'दुय्यम' असा भेद इथे उरतच नाही.

आपला पहिला प्रोग्रॅम त्याच आयनोडावर लिहितो, म्हणून बदल दोन्हीकडे दिसला. दुसरा आधी नवी फाइल तयार करतो आणि मग तिला जुने नाव देतो. मध्येच वीज गेली तर अर्धवट फाइल उरू नये, यासाठी ही सावधगिरी असते (पावसाळ्यात आपल्याकडे ती वाया जात नाही). पण त्या क्षणी ते नाव नव्या आयनोडाचे होते, आणि दुसऱ्या फोल्डरातले नाव जुन्याचेच राहते. फाइलींची यादी दाखवणाऱ्या 'एलएस' आज्ञेला 'एल' आणि 'आय' हे पर्याय देऊन दोन्हीकडचे क्रमांक ताडून पाहा.

डिचोलीकर
सिम्बॉलिक लिंक ही स्वतंत्र फाइल असून तिच्यात केवळ एक पत्ता लिहिलेला असतो. ती दुसऱ्या डिस्ककडे किंवा फोल्डरकडेही निर्देश करू शकते. हार्ड लिंकला फाइल प्रणालीची (डिस्कवर किंवा तिच्या एका विभागात फाइली मांडणाऱ्या व्यवस्थेची) सीमा ओलांडता येत नाही, आणि लिनक्सवर फोल्डरची हार्ड लिंक करता येत नाही. आपला दुसरा प्रोग्रॅम सिम्बॉलिक लिंकवर नेमका काय करतो, हे मात्र तपासावे लागेल, कारण काही प्रोग्रॅम लिंकच्या जागी सरळ नवी फाइल ठेवतात. सापेक्ष पत्ता लिंक जिथे ठेवली आहे त्या फोल्डरापासून मोजला जातो, आज्ञा जिथून दिली तिथून नव्हे. या एका गोष्टीने माझी एक संध्याकाळ खाल्ली आहे, कारण चुकीच्या पत्त्याचीही लिंक 'एलएन' मुकाट्याने तयार करतो.

बाहेरची डिस्क एक्सफॅट या फाइल प्रणालीची असेल, तर तिथे या दोहोंपैकी काहीच टिकत नाही. प्रत्येक नावाची पूर्ण प्रत होते. डिस्क लिनक्सच्या ईएक्सटी४ या प्रणालीची असली तरी साधी नक्कल नाती तोडते. नाती टिकवायची तर फाइली उतरवणाऱ्या 'आरसिंक' आज्ञेला मोठा 'एच' पर्याय द्यावा लागतो.

फोंडेकर
डिस्क एक्सफॅटच निघाली. क्रमांकही ताडले: दसऱ्याच्या बारा छायाचित्रांची नाती तुटली आहेत. ती जोडताना कोणती आवृत्ती ठेवावी?

म्हापसेकर
ते संगणक ठरवू शकत नाही. दोन्ही उघडून पाहा, हवी ती ठेवा, नको असलेले नाव पुसा आणि मगच पुन्हा 'एलएन' करा. त्याआधी सगळ्याची एक खरी प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या.