मदत हवी आहे: पॅरा बॅडमिंटनच्या फॉर्मवर एसएल-३ लिहायचं की एसएल-४? शुक्रवारी शेवटची तारीख

विट्याची ताई (सोमवार, रात्री ९:१२)

नमस्कार. घाईत लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. भावाचा निवड चाचणीचा फॉर्म शुक्रवारपर्यंत द्यायचाय. त्यात 'क्रीडा वर्ग' असा रकाना आहे. भाऊ म्हणतो एसएल-३ लिही, निम्म्या कोर्टावर खेळायला मिळतं. तो खेळतो त्या हॉलवरचे सर म्हणतात एसएल-४ लिहा. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र ४२ टक्क्यांचं आहे. तर ४२ टक्क्यांना कुठला वर्ग येतो? टक्क्यांचा तक्ता कुठं मिळेल? दोन दिवस शोधतेय, सापडत नाही. कृपया नेमकं उत्तर द्या.

कृष्णाकाठ (९:३०)

ताई, नेमकं उत्तर हवं तर आधी नेमकी माहिती द्या. भावाला काय झालंय? वय किती? युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आहे की नुसतं जुनं कागदी प्रमाणपत्र? चाचणी जिल्ह्याची, राज्याची की राष्ट्रीयची?

विट्याची ताई (९:४१)

एसएल म्हणजे पायाचंच असतं ना, म्हणून वेगळं लिहिलं नाही. डावा गुडघा. वय १७. कार्ड आहे. चाचणी राज्याची. आता सांगा, ३ की ४?

माणदेशी (९:५८)

मी आटपाडी तालुक्यातला. माझं ऐकाल तर बॅडमिंटनचा नाद सोडा आणि मुलाला गोळाफेकीला घाला. आमच्या करगणीच्या सचिन खिलारींनी पॅरिसच्या पॅरालिम्पिकला २०२४ मध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्य आणलं. गोळा एकदा घेतला की दहा वर्षं टिकतो. बॅडमिंटनमध्ये पिसाचं शटल दोन गेममध्ये संपतं, शिवाय रॅकेटची गटिंग, बूट, हॉलचं भाडं. विट्यासारख्या ठिकाणी हे कोण पुरवणार?

कृष्णाकाठ (१०:०५)

खिलारींचा अभिमान सगळ्या जिल्ह्याला आहे, पण त्यांचा वर्ग एफ-४६, म्हणजे हाताचा. या मुलाचा गुडघा अधू आहे. आणि पोरगं बॅडमिंटन खेळतंय हो, त्याला गोळा कशाला देताय?

माणदेशी (१०:११)

पायाचेही वर्ग असतात गोळाफेकीत. मी खर्चाचं बोलतोय. घरची परिस्थिती काय आहे हे ताईंनी लिहिलेलंच नाही.

जुना शटलर, सातारा (१०:५०)

ताई, तुमच्या प्रश्नातच गफलत आहे, म्हणून तक्ता सापडत नाहीये. असा तक्ताच नसतो.

४२ टक्के हा आकडा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यासाठी. ४० किंवा त्याहून जास्त असला की सवलती, आरक्षण वगैरे मिळतं. खेळाच्या वर्गाशी त्याचा संबंध नाही. वर्ग ठरवणारे लोक टक्के बघत नाहीत. ते खेळाडूला टेबलावर झोपवून सांधा किती वाकतो, स्नायूंत ताकद किती, पायाच्या लांबीत फरक किती हे मोजतात. मग कोर्टावर हालचाल करायला लावतात आणि प्रत्यक्ष सामन्यातही बघतात. ६० टक्क्यांचा कागद असलेला मुलगा कुठल्याच वर्गात बसला नाही असंही होतं.

थोडक्यात वर्ग असे: डब्ल्यूएच-१ आणि डब्ल्यूएच-२ व्हीलचेअरचे, एसएल-३ आणि एसएल-४ उभं राहून खेळणारे पण पाय अधू असलेले, एसयू-५ हाताचे, एसएच-६ कमी उंचीचे. एसएल-३ मध्ये पायाचा आणि तोलाचा त्रास जास्त, म्हणून एकेरी निम्म्या कोर्टावर. एसएल-४ ला पूर्ण कोर्ट.

रकान्यात स्वतःच्या मनानं ३ किंवा ४ काहीही लिहू नका. 'वर्गीकरण झालेले नाही' असं लिहा. आयोजकांना फोन करून चाचणीच्या ठिकाणी वर्गीकरण होणार आहे का आणि कुठले वैद्यकीय कागद लागतील, हे विचारा.

आणि भावाला सांगा, निम्मं कोर्ट म्हणजे सोपं नव्हे. कोर्ट उभं चिरलेलं असतं, लांबी तेवढीच राहते. आडवं पळणं वाचतं, पण जाळी ते शेवटची रेघ हा खेळ दुप्पट होतो. पॅरिसची एसएल-३ ची फायनल बघा म्हणावं. नितेश कुमारनं डॅनियल बेथेलला २१-१४, १८-२१, २३-२१ असं हरवलं. त्यातल्या रॅली मोजून बघा.

निवृत्त कारकून (मंगळवार, सकाळी ७:२०)

सरकारी नोकरीत दिव्यांगांना ४ टक्के आरक्षण आहे, आणि महाराष्ट्रात खेळाडूंना वेगळं ५ टक्के. त्यामुळं खेळाची सर्व प्रमाणपत्रं मूळ प्रतीत जपून ठेवा, लॅमिनेशन करू नका. पडताळणीला लॅमिनेशन केलेल्या कागदाची अडचण येते. माझ्या पुतण्याला फार मनस्ताप झाला होता. स्पर्धेचा निकाल, सहभागाची यादी, संघटनेचं पत्र, सगळं त्याच वेळी मागून घ्या. चार वर्षांनी कोणी देत नाही.

विट्याची ताई (९:१५)

नोकरीचं मी विचारलंच नव्हतं, पण लॅमिनेशनचं लक्षात ठेवते. दोन प्रमाणपत्रं आधीच केलीत.

शटलर काका, सरांना हे सांगितलं तर म्हणाले, काहीतरी लिहावंच लागतं, मोजायच्या वेळी गुडघा कमी वाकव म्हणजे ३ मिळेल. हे चालतं का?

जुना शटलर, सातारा (९:४०)

अजिबात नाही. हे वाचून फार वाईट वाटलं. एकतर ते 'तू किती वाकवतोस' असं विचारत नाहीत. तपासणारा पाय हातात धरून स्वतः वाकवतो. पोरगं ताठ धरून बसलं तर त्यांच्या बोटांना कळतं. दुसरं, मुद्दाम खोटं दाखवणं हा नियमानुसार गुन्हा आहे, बंदी येते. टोकियोत थाळीफेकीत विनोद कुमार यांना कांस्य मिळालं होतं. वर्गावर हरकत आली, पुन्हा तपासणी झाली आणि पदक गेलं. देशाच्या पातळीवरच्या खेळाडूचं हे झालं. सतरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात असलं काही भरू देऊ नका.

मिरजेची आई (११:०५)

ताई, गुडघ्याला झालं काय ते अजून कळलं नाही. अपघात? संधिवात? जन्मापासून? नुसतं दुखणं हा खेळात वर्ग मिळण्याचा आधार होत नाही, आणि जे काही आहे ते कायमचं असावं लागतं. माझ्या मुलीचं एसयू-५ साठी वर्गीकरण झालंय, तेव्हा आम्हाला एमआरआय आणि डॉक्टरांचं सविस्तर पत्र लागलं होतं. मिरजेत हाडांचे डॉक्टर गल्लोगल्ली आहेत, एखाद्या चांगल्या ऑर्थोला दाखवलंय का? ते काय म्हणाले?

विट्याची ताई (दुपारी २:३०)

बरं, सगळं लिहिते. चार वर्षांपूर्वी सायकलवरून येताना उसाच्या ट्रॉलीनं उडवलं. मांडीचं हाड गुडघ्याच्या वर मोडलं, प्लेट बसवली. नंतर व्यायाम नीट झाला नाही, गुडघा आखडला. मांडी घालता येत नाही, एसटीत चढताना तो पाय बाजूनं ओढून घेतो. दोन वर्षांपूर्वी मित्रांबरोबर बॅडमिंटन सुरू केलं आणि आता तेवढंच आयुष्य आहे त्याचं.

डॉक्टरांना मे महिन्यात दाखवलंय. ते म्हणाले, गुडघा मोकळा करायचं ऑपरेशन करता येईल, बराच वाकेल. पण भाऊ तयार नाही. म्हणतो, पाय बरा झाला तर मी पॅरात बसणार नाही, आणि साध्या बॅडमिंटनमध्ये मला कोण घेणार? आई रोज रडते. हे फॉर्मशी संबंधित नाही म्हणून लिहिलं नव्हतं.

मिरजेची आई (२:५२)

संबंधित नाही कसं? हाच तर मूळ मुद्दा आहे. फॉर्म पुढच्या वर्षी परत येईल. पाय आयुष्यभराचा आहे. आधी ऑपरेशन करा.

कृष्णाकाठ (३:१५)

एकदम 'आधी ऑपरेशन करा' कसं सांगता? तुम्ही एक्सरे पाहिलाय? आमच्या घरात असंच ऑपरेशन झालं, सहा महिने घाम गाळून व्यायाम केला आणि गुडघा होता तिथंच आला. जुना आखडलेला सांधा आहे. पोरगं स्वतःच्या पायावर खेळतंय, आनंदात आहे, हे कमी आहे का?

मिरजेची आई (३:२८)

तुमच्या घरचं एक उदाहरण म्हणजे सगळ्यांचं नव्हे. १७ व्या वर्षी सांधा सुधारायची जी शक्यता असते ती तिशीत राहत नाही. पदकासाठी अपंगत्व सांभाळून ठेवणं मला आई म्हणून पटत नाही.

माणदेशी (३:४०)

गोळाफेकीत ही भानगडच नाही.

कृष्णाकाठ (३:४४)

तिथंही वर्गीकरण असतंच की. विनोद कुमारांचं वर वाचलं नाही का?

निळी पिशवी (संध्याकाळी ६:१०)

मी फिजिओथेरपिस्ट आहे. दोघींनीही... क्षमस्व, दोघांनीही जरा थांबा. ताई, डॉक्टरांचे शब्द नेमके काय होते? 'बराच वाकेल' म्हणजे आता किती अंश वाकतो आणि नंतर किती? ४० वरून ७० झाला तर एसटीत बसणं, जिना, संडास सगळं सोपं होईल, आणि तरी पाय अधूच राहील. ७० वरून १२० होणार असेल तर गोष्ट वेगळी. हा आकडा डॉक्टरांकडून लेखी घ्या. वर्गीकरणाला हाच आकडा लागतो आणि ऑपरेशनचा निर्णयही यावरच घेता येईल. पायात फरक पडला तर पुढे पुन्हा तपासणी होते आणि तसं कळवणं खेळाडूची जबाबदारी असते, हेही माहीत असू द्या.

आणखी एक. गुडघ्यात इंजेक्शन घेतलंय का? स्टेरॉइडचं इंजेक्शन, सांध्यातलंसुद्धा, २०२२ पासून स्पर्धेच्या काळात प्रतिबंधित आहे. वैद्यकीय परवानगीशिवाय घेतलं आणि चाचणी झाली तर अडचण. प्रत्येक डॉक्टरला 'मी खेळाडू आहे' हे वाक्य आधी सांगायला शिकवा.

विट्याची ताई (६:३५)

एप्रिलमध्ये एक घेतलं होतं. कशाचं ते माहीत नाही. उद्या विचारते.

पेठ नाका (रात्री ८:०२)

या निमित्तानं एक सांगतो. भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण आपल्या पेठच्या मुरलीकांत पेटकरांचं. १९७२, हायडेलबर्ग, ५० मीटर फ्रीस्टाइल. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या होत्या. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं. आपल्याच जिल्ह्यातल्या कितीतरी मुलांना हे माहीत नाही, याचं मला फार वाटतं.

जुना शटलर, सातारा (८:४०)

पेटकरांना नमस्कार. पण या मुलासाठी त्याहून जवळचा माणूस सांगलीचाच आहे, सुकांत कदम. एसएल-४. लहानपणी क्रिकेट खेळताना गुडघ्यालाच लागलं, ऑपरेशनं झाली. म्हणजे ऑपरेशन झालं की पॅरा खेळ संपला, असं काही नाही. सायनाला २०१२ मध्ये लंडनला कांस्य मिळालं, ते बघून त्यांनी रॅकेट मनावर घेतली. बरोबर मेकॅनिकल इंजिनिअरिंगही केलं. पॅरिसला उपांत्य फेरीत सुहास यतिराज यांच्याकडून हरले. मग कांस्याच्या सामन्यात इंडोनेशियाच्या फ्रेडी सेतियावानकडून १७-२१, १८-२१. दोन्ही गेम चार-तीन गुणांनी गेले. तो सामना मी बघितला, रात्री जेवण गेलं नाही. चौथ्या नंबरला कोणी हार घालत नाही, पण जगात चौथा आलाय हो सांगलीचा मुलगा.

वर्गाचं नशीबही असतं. मानसी जोशी २०१९ ला बासेलमध्ये जगज्जेत्या झाल्या, पण टोकियोत महिलांची एसएल-३ एकेरी ठेवलेलीच नव्हती. ती पॅरिसला आली. म्हणून वर्ग आपण निवडायचा नसतो. जो येईल त्यात खेळायचं.

विट्याची ताई (गुरुवार, रात्री ९:२०)

काल मिरजेला जाऊन आले, भावाला घेऊन. आता गुडघा ५० अंश वाकतो. ऑपरेशननंतर ८० ते ९० पर्यंत जाईल, पूर्ण कधीच होणार नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलंय. घाई नाही, बारावीनंतर केलं तरी चालेल म्हणाले. एप्रिलचं इंजेक्शन स्टेरॉइडचंच होतं, त्याचा कागदही घेतला. आयोजकांना फोन केला. वर्गीकरण तिथंच होणार आहे, एक्सरे आणि हे पत्र आणा म्हणाले. रकान्यात शटलर काकांनी सांगितलं तेच लिहिलं. फॉर्म उद्या सकाळी देतेय. आईला कालपासून जरा बरं वाटतंय.

आता भाऊ शेजारी बसलाय, त्याला विचारायचंय. पुढचं त्यानं टाइप केलंय.

काका, मी उजव्या हातानं खेळतो. मागच्या बॅकहँड कोपऱ्यात उडी मारून मारलं की डाव्या पायावर उतरतो आणि तिथंच अडकतो. पुढचं शटल जाळीजवळ पडतं आणि मी बघत राहतो. ९० अंश होईपर्यंत काय करू?

जुना शटलर, सातारा (९:४७)

उडी बंद. त्या कोपऱ्यात वळून उजवा पाय टाक, पाठ जाळीकडे, आणि सरळ बॅकहँडनं उंच क्लिअर मार. भार उजव्या पायावर आला की त्याच पायानं ढकलून परत येता येतं, डाव्याला नुसतं मागून येऊ दे. सुरुवातीला शटल अर्ध्यातच पडेल, मनगटात जोर यायला वेळ लागतो. रोज शंभर, कोणीतरी हातानं फेकून द्यायचं. ताई फेकेल. आठ दिवसांनी मोबाइलवर मागून शूट करून इथं टाक. पाय दिसू देत, चेहरा नको.