मदत हवी आहे: एका दिवसाच्या पावसाळी ट्रेकचा डबा (व्हिडिओच्या लिंक नकोत, प्रमाण हवं)

पायवाट
नमस्कार मंडळी. जुलैअखेरच्या रविवारी गुंजवणे गावातून चोर दरवाज्याने राजगड करायचा आहे. सहा जण आहोत. पुण्यातून पहाटे साडेचारला निघणार, त्यामुळे डबा आदल्या रात्रीच करून ठेवायला लागेल.

व्हिडिओ बघून वैताग आलाय. पंधरा मिनिटांतली पाच सॅक दाखवण्यात जातात. पुढे 'अंदाजाने' मीठ आणि 'लागेल तसं' दूध. पीठ मळताना कॅमेरा चेहऱ्यावर, म्हणजे ते घट्ट आहे की सैल हेही दिसत नाही. पदार्थ किती वेळ टिकतो हे तर कुणीच सांगत नाही.

माणशी किती न्यायचं, कसं बांधायचं, पाणी किती? एकाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, तेही धरून सांगा.

ज्वारी
गोड दशम्या करा. रात्री केलेल्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आरामात टिकतात आणि गारही मऊ लागतात.

नऊ दशम्यांसाठी कणीक २५० ग्रॅम, किसलेला गूळ ८० ग्रॅम, दूध १०० ते १२० मिली, तूप दोन मोठे चमचे, चिमूटभर मीठ. पाण्याचा थेंब नको. दूध उकळून कोमट होऊ द्या, मग गूळ घाला. कढत दुधात गूळ पडला की ते फाटतं. कणकेला तूप चोळून घ्या, गुळाचं दूध थोडं थोडं घाला. गूळ सुटत जातो, त्यामुळे दहा मिनिटांनी पीठ आपोआप सैल होतं. म्हणून मळताना पुरीच्या पिठाइतकं घट्टच ठेवा. लाटताना जाडी पराठ्याएवढी, आच मध्यमहून कमी. मोठ्या आचेवर गूळ करपतो, बाहेर काळे डाग आणि आत कच्चं.

माणशी तीन, म्हणजे सहा जणांना वरचं प्रमाण दुप्पट.

माचीकर
दशमीला +१. पण डबा पदार्थापेक्षा बांधणीने जास्त बिघडतो. गरम दशम्या डब्यात भरल्या की झाकणाला वाफेचं पाणी सुटतं, ते खाली ठिबकतं आणि सगळ्यात वरची आधी चिकट होते. जाळीवर एकेक सुटी ठेवून पूर्ण गार करा, तासभर तरी. मग सुती फडक्यात गुंडाळून डब्यात. लोणचं फॉइलमध्ये बांधू नका. मीठ आणि आंबट फॉइलला खातात, बारीक भोकं पडून तेल सॅकभर होतं. फिरकीच्या झाकणाची छोटी डबी घ्या.

घरीच ठेवायचे पदार्थ: ओल्या नारळाची चटणी, बटाट्याची भाजी, कच्चा कांदा घातलेलं काहीही. पावसाळी हवेत चिवडा पिशवी उघडल्यावर तासाभरात मऊ पडतो, तेव्हा न्यायचाच तर एका वेळेला संपेल एवढ्या पुड्या करा.

वाटेत खाण्यासाठी माणशी: फुटाणे आणि भाजके शेंगदाणे मिळून ६० ग्रॅम, बिया काढलेले खजूर सहा, राजगिऱ्याचे लहान लाडू दोन, एक काकडी. दशम्या धरून साधारण हजार-बाराशे कॅलरी होतात, वजन काकडी सोडून पाव किलोच्या आसपास. हे सॅकच्या तळाला नको, कमरेच्या कप्प्यात ठेवा. चढताना दर तासाला मूठभर खाल्लं तर वर पोचेपर्यंत पाय गळत नाहीत.

कातळ
अ‍ॅलर्जीचं सगळ्यांसाठीच बदला, फक्त त्या एकाच्या डब्यात बदलून भागत नाही. एकाच पिशवीत सगळ्यांचे हात जातात. शेंगदाण्याऐवजी डाळं आणि भोपळ्याच्या बिया. चटणी तिळाची किंवा जवसाची, पण ज्या मिक्सरमध्ये दाण्याचं कूट होतं तो आधी साबणाने धुऊन घ्या, पात्याखाली कूट अडकून राहतं. विकतच्या राजगिरा लाडवांत दाणे असू शकतात, वेष्टन वाचा. त्याचं नेहमीचं औषध त्याच्याजवळ हवं आणि ते कुठल्या कप्प्यात आहे हे आणखी दोघांना माहीत हवं.

पाणी माणशी तीन लिटर. पाऊस असला तरी कमी करू नका. पावसात अंग ओलंच असतं, त्यामुळे घाम किती गेला ते कळत नाही. त्यातल्या एका लिटरमध्ये सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. ओआरएसची पुडी घेतलीत तर पाकिटावर लिहिलेल्या पाण्यात अख्खी टाका. अर्धी टाकली तर मीठ आणि साखर सारख्या वाट्याने येतीलच असं नाही.

पायवाट
मनापासून आभार, नेमकं हेच हवं होतं! दोन शंका. पीठ रात्री मळून पहाटे लाटलं तर? आणि व्हिडिओतली कृती पटकन लिहून घ्यायची काही युक्ती आहे का?

ज्वारी
पीठ रात्रभर ठेवू नका. दूध आहे, बाहेर आंबेल. फ्रिजमध्ये ठेवलं तर गुळामुळे सकाळी लगदा झालेला असतो, पोळपाटाला चिकटतो. रात्री नऊपर्यंत भाजून मोकळे व्हा.

कातळ
यूट्यूब अ‍ॅपमध्ये व्हिडिओखालचं वर्णन पूर्ण उघडा. खाली 'शो ट्रान्सक्रिप्ट' असेल तर बोललेलं सगळं वेळेसकट लिहिलेलं मिळतं, हव्या त्या ओळीवर बोट ठेवलं की व्हिडिओ तिथे जातो. ते बटण दिसलं नाही तर बहुधा त्या व्हिडिओला कॅप्शन (बोललेल्याच्या लिखित ओळी) नाहीत. मग स्क्रीनवर बोट दाबून धरा, दुप्पट वेगाने पळतो. आणि आधी चॅनेलने वर चिकटवलेली कॉमेंट बघा, प्रमाण कितीदा तिथेच दिलेलं असतं.

माचीकर
एक राहिलं. राजगडावर माकडं आहेत आणि प्लॅस्टिकच्या पिशवीचा आवाज झाला की ती येतात. डबा उघड्यावर मांडू नका, एकेक दशमी हातात द्या. खजुराच्या बिया घरीच काढलेल्या असल्या की वर कचरा उरतो तो फक्त काकडीच्या सालींचा, तोही रिकाम्या डब्यातून खाली आणा.